मेथीच्या बरणीतला माणूस

दर रविवारी सकाळी साडेनऊला मुलुंडमध्ये इंग्लंड सुरू व्हायचं. स्टेशनपासून सात मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर, अण्णांच्या बाहेरच्या खोलीत. खोली दहा बाय बाराची, पण तिच्यात एका सकाळी अकरा स्टेशनं, दोन बोगदे आणि एक नदीवरचा पूल मावलेला मी स्वतः पाहिला आहे. माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करायची सवय असलेल्यांनी साडेपाच स्टेशनं धरावीत. बोगद्यांना मात्र हात लावू नये, ते खरेच दोन होते.

अण्णा रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. उमेदवारीच्या काळात त्यांच्यावर एक गोरा साहेब होता. त्याचा भाऊ विलायतेत सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून स्टेशनं पालथी घालायचा आणि इंजिनांचे फोटो पाकिटात घालून इकडे धाडायचा. देश सोडून जायची वेळ आली तेव्हा साहेबानं बायकोचे हॅटचे खोके बोटीवर चढवले आणि फोटोंची ट्रंक अण्णांच्या टेबलाखाली सरकवली. तिथून ती ट्रंक अण्णांची. आत सातशे फोटो होते. मी पहिली काही वर्षं लोकांना दोन हजार सांगत असे, पण अण्णांच्या कानावर गेल्यावर कमी केले.

आमच्या मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, फक्त भांडण होतं. अण्णा, मी, आणि घाटकोपरहून येणारा एक कंपाउंडर. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, टेलिफोन खात्यात, आणि शनिवारी रात्रीपासूनच माझ्या अंगात वाफ धरायला लागायची. आमच्यापैकी कुणीही दमणच्या पलीकडचा परदेश पाहिलेला नव्हता. पण कंपाउंडर असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, याची सासुरवाडी यॉर्कला आहे.

एक फोटो टेबलावर यायचा आणि मग सुरू.

"सकाळची वेळ," अण्णा म्हणायचे. "सावली बघ कुठे पडलीय ती."

"सावलीचं काय सांगता अण्णा, तिकडे सूर्यच नसतो," कंपाउंडर म्हणायचा. "हा दिवा बघा पुढचा. दोन बफरांवर, ह्या पुढच्या गोल थाळ्यांवर, दोन दिवे. म्हणजे जलद गाडी. सिग्नलचा हात खाली पडलाय, वर उठलेला नाही. म्हणजे जुनी लाइन."

"हात खाली पडलाय कारण सिग्नलवाल्याला डुलकी लागलीय," मी म्हणायचो.

"तू गप रे. तू मागच्या रविवारी मालगाडीला राणीची गाडी म्हणालास."

"राणीला कधी घाई असली तर बसली असेल मालगाडीत."

वाद हरतोय असं दिसलं की मी एखादा शोध लावायचो. एका कारखान्यात इंजिनाच्या चिमणीत कबुतरांना घरटं करायला फट ठेवतात, हा माझाच शोध. पुढे तीन वर्षं कंपाउंडर तो इतरांना माहिती म्हणून सांगत होता.

आता आमच्या हातून जे पाप घडलं ते सांगतो. अण्णा हाडाचे ड्राफ्ट्समन. कागद म्हटला की चारी बाजूंनी मार्जिन. काळ्या पानांचे मोठे आल्बम त्यांनी स्वतः शिवले, प्रत्येक पानावर पेन्सिलीनं चौकट आखली, आणि नियम केला की इंजिन त्या चौकटीत पूर्ण भरलं पाहिजे. चिमणी डावीकडे, पाठ उजवीकडे, आजूबाजूला हवा नको. साहेबाच्या भावाला एवढी शिस्त कुठली? त्याच्या फोटोत इंजिनाच्या कडेला कुणी पिशवी घेऊन उभा, कुणी शिंकतोय, कुणी बाई टोपी सावरतेय. अण्णा स्टीलची पट्टी लावायचे, दाढीचं पातं फिरवायचे, आणि कडेची माणसं दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या होऊन टेबलावर पडायची.

मी तर उत्तेजन द्यायचो. "अण्णा, तो फेल्टहॅटवाला चाकाच्या आड येतोय. उडवा त्याला." आणि अण्णा उडवायचे. सातशे फोटोंमधून आम्ही एक आख्खं गाव उडवलं. इंजिनं कशी मोकळी दिसायला लागली. आम्हाला त्याचा अभिमान होता.

आणि मग आमच्यात जॉबर आला.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. कंपाउंडरच्या चाळीत, घाटकोपरच्या डोंगराच्या अंगाला, एक मालवणकडचा जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, राहायचा. बेचाळीस-त्रेचाळीसचा, काळा, रुंद हाडाचा, सुताच्या खात्यात बावीस वर्षं काढलेला. गिरणीला टाळं लागल्यापासून घरात बसून होता. "नुसता भिंतीकडे बघत बसतो," कंपाउंडर म्हणाला, "म्हटलं, बघायचंच आहे तर इंजिनं बघ. घेऊन आलो."

जॉबरनं पहिल्या दिवशी चपला दाराबाहेर एका रेषेत काढल्या, अण्णांना वाकून नमस्कार केला, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. तीन रविवार एक शब्द नाही. चौथ्या रविवारी म्हणाला, "अण्णा, ते भिंग जरा मिळेल?"

अण्णांचं भिंग म्हणजे काय वस्तू. त्यातून मुंगीच्या मिशा मोजता यायच्या. ते त्यांनी मला कधी हातात दिलं नव्हतं. जॉबरला दिलं. तो आल्बम मांडीवर घेऊन बसला आणि भिंग फिरवायला लागला. पण इंजिनावरून नाही. कडेकडेनं, चौकटीच्या रेषेला घासून.

मी कंपाउंडरला कोपर मारलं. "तुझ्या दोस्ताला सांग, इंजिन मध्ये असतं."

जॉबरनं ऐकलं. हसला. "मध्ये तुम्ही आहात की बघायला. मी कडेला बघतो."

असा तो सहा महिने कडा बघत होता. आम्ही त्याला समजूतदारपणे सोडून दिलं. बेकारीनं माणसाला काय काय होतं, म्हणून हळहळलो सुद्धा. हळहळायला आपल्याला काय लागतं.

मग तो रविवार आला. टेबलावर जो फोटो होता त्यावर आमचं सलग सहा रविवार युद्ध चाललेलं. बंदरातलं स्टेशन. मागे बोटीचं उंच धुरांडं, पुढे गाडी लागलेली. बोटीतून उतरलेल्या लोकांना शहरात नेणारी. वाद दिव्यांवरून होता. अण्णा म्हणत तीन दिवे, कंपाउंडर म्हणे दोन दिवे आणि एक डाग. मी म्हटलं होतं, तिसरा दिवा ड्रायव्हरच्या बायकोनं लावलाय, नवरा लवकर घरी यावा म्हणून.

जॉबर भिंग घेऊन उजव्या कडेवर थांबला. थांबला तो हलेना. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण अण्णांच्या बायकोनं, काकूंनी, आणून ठेवलेला चहा गार झाला, साय धरली, सायीला सुरकुत्या पडल्या.

"अण्णा," तो म्हणाला, "हा हात कुणाचा?"

आम्ही तिघं वाकलो. आणि देवाशपथ सांगतो, सहा रविवार, तीन माणसं, सहा डोळे, अधिक भिंग, आणि तो हात आम्हाला कुणालाच दिसलेला नव्हता. उजव्या कडेला, पात्याच्या रेषेला लागून, मनगटापासून पुढे एक हात. कापडाचं गाठोडं धरलेला. मनगटाच्या वर फोटो संपलेला.

"असेल कुणी हमाल," कंपाउंडर म्हणाला.

"गाठ बघ," जॉबर म्हणाला. "गाठोड्याची. शेव दोनदा आत घेतलाय आणि बाहेर कान ठेवलाय. ही गाठ तिकडली नाही. ही आमच्या किनाऱ्यावरची. होडीवाले मारतात. मी बावीस वर्षं सुताच्या गाठी बघतोय, मला गाठ चुकत नाही."

मग त्यानं सांगितलं. खाली बघत, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी ते सलग करून लिहितोय आणि यात एक चमचाही भर घालत नाही. बाप खलाशी. जॉबर वर्षाचा असताना बोटीवर गेला. लढाई चालू होती. विलायतेतल्या बंदरातून एक पत्र आलं, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं, की पोचलो, थंडी फार आहे. त्यानंतर काही नाही. बोट बुडाली म्हणून नाही, माणूस मेला म्हणून नाही, तिकडे मडमेबरोबर राहिला म्हणूनही नाही. घरात बापाचा फोटो नव्हता. कधी काढलेलाच नव्हता. आई अजून कुंकू लावायची. बाप कसा दिसायचा असं लहानपणी विचारलं की ती उठून चुलीकडे जायची. पुढे त्यानं विचारणं सोडलं.

"तोंड माहीत नाही मला त्यांचं," जॉबर म्हणाला. "वाटलं, एवढी तिकडची स्टेशनं आहेत तुमच्याकडे. एखाद्या कडेला उभा असेल. एकदा बघायला मिळाला तर बस्स."

मला एक विनोद सुचला होता, तो मी गिळला. आयुष्यात गिळलेल्या विनोदांत तो पहिला. चवीला फार वाईट लागला.

"उरलेला भाग?" जॉबरनं विचारलं. "ह्या बाजूचा. कापलेला?"

अण्णा पातं फिरवताना कधी चुकले नव्हते. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात टेबलावर पडून राहिले, कुणी विसरून गेल्यासारखे. "टाकला असणार रे," ते म्हणाले. "आम्ही ते टाकायचो. म्हणजे मी इथे टेबलावर ठेवायचो, आणि ही आवरायची." मग आत तोंड करून, "अगं, ऐकलंस का? त्या फोटोच्या पट्ट्या तू कचऱ्यात टाकायचीस ना?"

काकू हात पुसत दारात आल्या. त्या घरात त्यांनी आमची इतकी वर्षं इंजिनं ऐकली होती आणि एकदाही आल्बम बघायला मागितला नव्हता. आम्हीही दाखवला नव्हता.

"कचऱ्यात कशाला टाकीन? जाड, गुळगुळीत कागद. मागची बाजू कोरी," काकू म्हणाल्या. "बरण्यांना लावल्या. नावं लिहून."

"कुठल्या बरण्यांना?"

"अहो, तुम्ही बारा वर्षं ज्यातला लाडू खाताय त्या."

आम्ही स्वयंपाकघरात घुसलो. फळीवर काचेच्या बरण्या, कॉफीच्या, पौष्टिक पावडरीच्या, ओळीनं. पस्तीस तरी असतील, आणि हा आकडा मी वाढवलेला नाही. प्रत्येकीवर चिकटवलेली उभी पट्टी आणि काकूंचं वळणदार अक्षर. धने. तीळ. मेतकूट. चित्र मात्र कुठेच नाही.

"चित्र काचेच्या बाजूला गेलं ना," काकू म्हणाल्या. "तांदळाच्या खळीनं चिकटवलंय. भरलेली असते तेव्हा काही दिसत नाही. बरणी रिकामी व्हायला आली की दिसायला लागतात."

"कोण दिसायला लागतात?"

"माणसं," काकू म्हणाल्या. "साबुदाण्यात एक बाई आहे, टोपीवाली. कुणाची तरी वाट बघतेय. तिळात दोन पोरं आहेत, एकाच्या तोंडात काहीतरी आहे, गोळी असावी. डाळव्यात पोलीस. संक्रांत झाली की पोरांची भेट, एकादशीनंतर बाईची. तुम्ही बाहेर चाकं मोजत बसायचात, मला इकडे कंपनी."

जॉबर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "काकू, बंदराचा फोटो होता. एक माणूस असेल कडेला. त्याचा एक हात..."

"हात तुटलेला?" काकू म्हणाल्या. "तो मेथीत आहे."

मी आयुष्यात पुष्कळ बढाया ऐकल्यात आणि त्याहून जास्त मारल्यात. पण 'तो मेथीत आहे' या वाक्याच्या जवळपास जाईल असं काही मला आजवर जमलेलं नाही.

"मी म्हणत होते, बिचाऱ्याचा लढाईत हात गेला असेल," काकू बरणी काढत म्हणाल्या. "हात इकडे होता होय, तुमच्या आल्बमात." त्यांनी मेथी ताटात ओतली, बरणी पदरानं आतून पुसली, आणि उजेडाकडे धरून जॉबरच्या हातात दिली. "समोरून बघू नका, पलीकडच्या बाजूनं बघा. आरपार."

जॉबरनं बघितलं. मग अण्णांनी, मग कंपाउंडरनं, मग मी. काचेच्या आत एक सावळा माणूस उभा होता. पातळ सुती कोट, गळ्याला फडकं, डोक्याला काही नाही. कोटाची एक बाही मनगटापाशी संपलेली. थंडीनं खांदे वर घेतलेले. डोळे थेट आपल्याकडे.

"पाणी भरू या," कंपाउंडर म्हणाला. "मोठं दिसेल." भरलं. माणूस इतका रुंद झाला की थंडीनं कुडकुडणाऱ्या खलाशाचा एका क्षणात तूरडाळीचा व्यापारी झाला. घाईनं ओतून टाकलं.

"पट्टी सोडवू या का?" अण्णा म्हणाले. "वाफ देऊन. किटली ठेव गं."

"हात लावू नका," काकू म्हणाल्या. "चित्राची बाजूच चिकटलीय. वाफ दिलीत तर तोंड काचेला राहील आणि कागद तुमच्या हातात. एकदा कापलात तेवढं पुरे."

अण्णांनी हात मागे घेतला.

"तो आहे का?" मी जॉबरला विचारलं.

"मला कसं कळणार?" जॉबर म्हणाला. "आईला कळेल."

दोन रिक्षा केल्या. पुढच्या रिक्षात जॉबर, काकू आणि बरणी. बरणी काकूंनी सोडली नाही. म्हणाल्या, माझी आहे, मी नेणार. मागच्या रिक्षात आम्ही तिघं. भांडुप आलं. मग अण्णा एकदम म्हणाले, "सातशे फोटो आहेत रे." मी म्हटलं, "हो." "प्रत्येकाला कडा चार," ते म्हणाले, आणि घाटकोपरपर्यंत बोटानं मांडीवर चौकटी आखत राहिले.

मी तोवर मनातल्या मनात कामाला लागलो होतो. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा त्या लाइनवर कुणी नव्हता. चांगल्या कामासाठी ही विद्या वापरायची संधी कधी नव्हे ती आली होती. म्हातारीला दोन मिनिटं एकटं गाठायचं आणि सांगायचं, एवढंच.

जॉबरची खोली चाळीच्या टोकाला, तीस-चाळीस पायऱ्या चढून. मला त्या दिवशी दोनशे वाटल्या. म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. बारीक, वाळलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. जॉबरमागे आमची वरात बघून तिनं सूप बाजूला सारलं.

"ह्ये कोण रे सगळे?"

"माझे दोस्त, आये. विलायतेचे फोटो बघतात ते."

"बसा. चाय ठेवतंय."

"चाय नंतर ठेव. आधी ह्या बघ." जॉबरनं काकूंकडून बरणी घेतली, आईच्या शेजारी उकिडवा बसला, आणि बरणी तिच्या डोळ्यांसमोर उजेडात धरली. "आत बघ. माणूस दिसता?"

"बाटलेत कित्याक घातलास तेका?"

"बघ तू. वळखतंस काय ता सांग."

म्हातारीनं बरणी हातात घेतली. एक डोळा मिटला. बरणी जवळ नेली, लांब नेली. जॉबर तिच्याकडे बघत होता, बरणीकडे नाही.

मी संधी साधली. तिच्या मागे वाकलो आणि कानाशी म्हटलं, "आजी, हो म्हणा. तुमच्या मुलाला बापाचं तोंड बघायचंय. सहा महिने शोधतोय. हो म्हटलं तर तुमचं काय जातंय?"

तिनं बरणी मांडीवर ठेवली आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती हळू बोलली नाही. चाळीच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशी बोलली.

"माझा काय जाता? चाळीस वर्सां मी तेंका जपलंय. आता तेंच्या जागेर ह्या भलत्याचा तोंड बसवू? तेंका काय वाटतला?"

मी सरळ उभा राहिलो. सव्वीस वर्षांत माझ्या खोट्याला एवढं साधं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

"म्हणजे तो न्हय?" जॉबरनं विचारलं.

"न्हय रे बाबा. ह्यो तो न्हय." तिनं बरणी पुन्हा उचलून त्याच्यापुढे धरली, चिडून. "ह्येचा कपाळ बघ केदा. तेंका कपाळ होता खंय? केस हंयसून सुरू." तिनं स्वतःच्या भुवईच्या वर दोन बोटं ठेवली. "आणि कान बघ ह्येचे. उंदराचे. तेंचे कान मोठे. वारो सुटलो की हलतीत काय असा वाटायचा."

जॉबर पुढे सरकला. "कान मोठे?"

"मोठे. आणि ही भुवई मोडलेली. ही, डावी. ल्हान असताना माडावरसून पडले होते. मधी केस उगवतच नाय."

"आणि नाक?"

"नाक बरा होता. माझ्यापेक्षा बरा."

"रंग?"

"काळे. तव्यासारखे. पण तव्यार तेल घातल्यार कसो दिसता, तसे."

इतकी वर्षं उठून चुलीकडे जाणारी बाई उठली नाही. तो भलताच माणूस समोर धरून ती एकेक फरक सांगत गेली आणि जॉबर विचारत गेला. ओठ? हनुवटी? डोळे बारीक का मोठे? मान? आम्ही तीन जाणकार भिंतीला लागून उभे. दिवे मोजून गाडी ओळखणारे. अशी ओळख पटवणं आम्ही सहा वर्षांत ऐकलेलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णांनी भिंतीवरच्या, वाण्यानं दिलेल्या कॅलेंडरकडे बोट केलं आणि कंपाउंडरला म्हणाले, "मागच्या महिन्याचं पान काढ रे." खिशात पेन्सिली कायम दोन, एक कडक, एक मऊ. पान उलटं करून पाटावर ठेवलं, स्वतः मांडी घातली, म्हातारीसमोर, गुडघे दुखत असताना.

"कान सांगा, आजी. केवढे मोठे?"

पण आधी त्यांनी पानाच्या मधोमध सरळ उभी रेघ मारली. म्हातारी वाकून बघायला लागली.

"ही काठी कसली?"

"सेंटरलाइन, आजी. नंतर पुसायची."

"तोंडार काठी मारतत काय कोण?"

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णांनी तीस वर्षांत पिस्टन काढले होते, वाल्व काढले होते, पुलांचे खांब काढले होते. माणूस कधी काढला नव्हता. पहिला चेहरा जो उमटला तो समोरून बघितलेल्या इंजिनासारखा होता, दोन बाजूंना दोन सारखे बफर. म्हातारी म्हणाली, "कान खाली घ्या." खाली घेतले. "एदे खाली न्हय." पुसलं. भुवई मोडायला सांगितली, अण्णांनी मोजून मधोमध मोडली. "कडेक मोडलेली," ती म्हणाली, "कडेक." अण्णा कडेला गेले. बोलता बोलता ती काहीतरी आठवून मध्येच हसायची, आणि ते काय होतं ते सांगायची नाही.

जॉबर अण्णांच्या खांद्यावरून बघत होता. पान हलू नये म्हणून त्यानं एका कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं. चांगला तास गेला. मी तो अर्धा करून सांगणार नाही. रबराचा अर्धा खडू संपला. शेवटी म्हातारी मागे सरली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि मान हलवली.

"हत. काय तरी रवला."

"काय राहिलं?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "इडी. तोंडात इडी घाला. इडीशिवाय मी तेंका कधी बघलंयच नाय."

अण्णांनी विडी घातली. तिच्या टोकावरून मऊ पेन्सिल वर फिरवली. चेहऱ्याला तास लागला, पण धूर मात्र त्यांना एका हातात जमला.

म्हातारीनं पान उचललं. कुणाला दाखवलं नाही, स्वतःच्या छातीशी तिरकं धरून बघितलं, आणि आत ज्या बाजूला चूल होती तिकडे तोंड केलं.

"इले," ती म्हणाली. म्हणजे आले. मग थोड्या वेळानं, "उशीर केल्यानी."

जॉबरनं पान तिच्या हातातून सावकाश घेतलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा एकट्यानं बघितलं. कंपाउंडर म्हणाला, उद्या मी फ्रेम आणतो, काच घालून, भिंतीला झकास दिसेल.

"भिंतीर नको," म्हातारी म्हणाली. ती चहाला उठली होती, हात काड्यापेटीकडे गेलेला. "भिंतीर गेलेले लावतत. हंयच ठेव. कपांच्या फळयेर."